गोंदण कुणाचे?

गेल्या वर्षीची गोष्ट. द्वितीय वर्षाच्या वर्गात आधुनिक मराठी कवितेचा तास चालू होता. शान्ता शेळके यांच्या कवितासंग्रहांची नावे फळ्यावर लिहीत असताना ‘गोंदण’ या शीर्षकापाशी मी थांबले आणि गोंदण म्हणजे काय हे कोण सांगेल, असे सहज विचारले. वर्गात क्षणभर शांतता पसरली. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि काही न बोलता त्याने शर्टाची बाही खांद्यापर्यंत वर सरकवली. दंडाला वेढा घालून खांद्याकडे चढत गेलेली, काळ्या शाईची, वेटोळ्यांची आणि टोकदार पात्यांची ती नक्षी खरोखरच देखणी होती. पनवेलच्या एका पार्लरमध्ये साडेतीन तास बसून त्याने ती काढून घेतली होती. ‘‘माओरी आहे, मॅडम,’’ तो म्हणाला. अर्थ विचारला तेव्हा थोडा अडखळला. ‘‘शक्ती वगैरे. योद्ध्यांचं असतं ते.’’ वर्गाने टाळ्या वाजवल्या.

तास संपल्यावर एक मुलगी मागे रेंगाळली. आमच्या पेण-रोह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका ठाकूरवाडीतून ती येते. दाराबाहेर कुणी नाही याची खात्री करून ती हळूच म्हणाली, ‘‘मॅडम, माझ्या आजीला आहे गोंदलेलं. कपाळावर, हनुवटीवर, दोन्ही हातांवर. पण वर्गात सांगायला बरं नाही वाटलं.’’

माझ्या दृष्टीने त्या दिवशीचा खरा तास या वाक्याने सुरू झाला. न्यूझीलंडच्या आदिवासींची नक्षी पैसे मोजून अंगावर काढून घेणाऱ्या मुलाला टाळ्या मिळतात आणि शेजारच्या वाडीतल्या आजीच्या हनुवटीवरचे तीन ठिपके सांगण्याजोगे वाटत नाहीत. दोन्हींत सुई आहे, काजळी आहे, वेदना आहे आणि मरेपर्यंत न पुसली जाणारी खूण आहे. मग एकीला ‘कला’ आणि दुसरीला ‘मागासलेपण’ ठरवणारे कोण? हा प्रश्न मी विद्यार्थ्यांना विचारू शकले नाही, कारण त्याच्या उत्तरात मी स्वतःच अडकलेली आहे.

*

गागोदे बुद्रुक हे माझे माहेर. रायगड जिल्ह्याबाहेरच्या माणसाला गावाचे नाव ठाऊक असेल तर ते विनोबांमुळे. 11 सप्टेंबर 1895 रोजी विनोबांचा जन्म गागोद्याला झाला आणि ते घर पाहायला आजही माणसे येतात. विनोबांच्या आईला संस्कृत गीता कळत नव्हती. तिला कळेल अशी मराठी गीता असावी, या तिच्या इच्छेतून पुढे ‘गीताई’ जन्मली. दुर्दैव असे की रुक्मिणीबाई 1918 मध्येच गेल्या आणि ‘गीताई’ लिहून झाली ती 1931 मध्ये. आईला वाचता यावे म्हणून लिहिलेला ग्रंथ आईपर्यंत पोहोचलाच नाही. लहानपणी ही हकिगत ऐकताना मला त्यात आमच्या घराचा काही संबंध असेल, असे कधी वाटले नव्हते.

माझी आई निरक्षर होती. तिच्या कपाळावर, दोन भुवयांच्या मध्ये एक ठिपका होता, डाव्या मनगटावर तुळस होती, तुळशीखाली विंचू होता आणि उजव्या हाताच्या आतल्या अंगाला माझ्या वडिलांचे नाव होते. तुळस आणि विंचू लहानपणीचे, नाव लग्नानंतरचे. नवऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही ही त्या काळची रीत. उखाण्यातच काय ते घ्यायचे. म्हणजे जे नाव ती उच्चारू शकत नव्हती आणि जे तिला वाचताही येत नव्हते, ते तिने आयुष्यभर हातावर वागवले.

मी सहा वर्षांची असताना, सुगी आटोपल्यावर गावात गोंदणारीण आली. पाठीवर बोचके, त्यात एकत्र बांधलेल्या सुया आणि काजळीत पाल्याचा रस कालवलेली करवंटी. शेजारच्या अंगणात मुली बसवल्या गेल्या. एका मुलीला दोघींनी धरून ठेवले होते आणि ती ओरडू नये म्हणून बाकीच्या बायका गाणे म्हणत होत्या, हे मला स्पष्ट आठवते. आमच्या दाराशी आल्यावर आईने तिला पायली दोन पायली भात दिला, पाणी दिले आणि म्हणाली, ‘‘माझ्या पोरीला नको. एकदा काढलं की जात नाही.’’ आजी रागावली. गोंदण नसलेल्या बाईच्या हातचे पाणी सासरी घेत नाहीत, असे ती बराच वेळ बोलत राहिली. आई ऐकत राहिली आणि बधली नाही.

तीन वर्षांनी मला चांगले वाचता येऊ लागले. मिळेल ते अक्षर वाचत सुटण्याचे ते वय. दुकानावरच्या पाट्या, काडेपेट्या, एसटीच्या मागच्या सूचना. एका संध्याकाळी आई भाकऱ्या थापत असताना मी तिच्या हातावरचे नाव वाचले आणि मोठ्याने हसले. नावातली पहिली वेलांटी उलट्या बाजूला होती. गोंदणारणीलाही लिहिता-वाचता येत नसणार. कुणीतरी कोळशाने काढून दिलेली अक्षरे तिने सुईने गिरवली होती. ‘‘आई, हे चुकलंय,’’ मी म्हणाले. आईने हाताकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा भाकरी थापू लागली. त्यानंतर मात्र चारचौघांत ती उजव्या हातावर पदर ओढून घेऊ लागली.

मी सुईखाली बसू नये, शाळेत जावे, म्हणून जिने सासूचा राग ओढवून घेतला, तिला मी माझ्या साक्षरतेची पहिली परतफेड केली ती अशी. वर्गातल्या त्या मुलीला ‘तुला आजीची लाज का वाटावी?’ असे विचारण्याचा अधिकार मी कधीच गमावून बसले होते.

*

विद्यार्थ्याच्या दंडावरच्या नक्षीने कुतूहल जागे केले होते, म्हणून त्या विषयावर मिळेल ते वाचत गेले. ‘टॅटू’ हा शब्दच मुळी पॉलिनेशियातला. ताहिती, सामोआ वगैरे बेटांवर ‘तातौ’ असा शब्द होता. 1769 मध्ये जेम्स कुकचे जहाज ताहितीला लागले आणि त्या सफरीच्या वृत्तांतांतून तो इंग्रजीत शिरला. हजारो मैलांच्या समुद्रात विखुरलेल्या या बेटांची प्रत्येकाची रीत मात्र वेगळी आहे. सामोआत पुरुषाच्या कमरेपासून गुडघ्यापर्यंत जे दाट गोंदण असते त्याला ‘पेआ’ म्हणतात, स्त्रियांच्या मांड्यांवरच्या विरळ, नाजूक गोंदणाला ‘मालू’. ते काढणारा तुफुगा हा पिढीजात जाणकार असतो आणि हाडाच्या दातेरी फणीवर दांडक्याने ठोके देत तो काम करतो. अनेक दिवस चालणारी ही वेदना सोसणे म्हणजे कुटुंबाच्या व समाजाच्या सेवेला वाहून घेणे. ते अर्धवट सोडून उठणे ही घराण्याची नामुष्की. मिशनऱ्यांनी विरोध करूनही सामोआत ही परंपरा कधी तुटली नाही.

माओरींची ‘मोको’ याच कुळातली, पण तिचे वैशिष्ट्य असे की ती चेहऱ्यावर असते आणि मूळ पद्धतीत ती टोचलेली नसून कोरलेली असे. पक्ष्याच्या हाडापासून केलेल्या ‘उही’ नावाच्या छिन्नीने त्वचेत खाचा पाडून त्यांत काजळी भरत. लाकडी कोरीवकामात या लोकांचा हातखंडा. तीच भाषा त्यांनी चेहऱ्यावर आणली. ‘फाकापापा’ म्हणजे वंशपरंपरा हा माओरी विचाराचा कणा आहे आणि मोको ही त्या परंपरेची चेहऱ्यावर लिहिलेली नोंद. कुळ, दर्जा, कर्तृत्व हे सारे जाणत्याला त्या रेषांतून वाचता येई. स्त्रियांच्या ओठांवर व हनुवटीवर असते ती ‘मोको कौआए’. 6 फेब्रुवारी 1840 रोजी ब्रिटिशांशी झालेल्या वायतांगी तहावर काही माओरी सरदारांनी सही म्हणून आपल्या मोकोतल्या रेषा काढल्या. आपल्याकडे निरक्षराचा अंगठा घेतात. अंगठा म्हणजे ‘याला लिहिता येत नाही’ याची कबुली. तहावरच्या त्या रेषा म्हणजे ‘आमचे लिहिणे हे असे आहे’ असे सांगणे. एकाच कागदावर दोन लिप्या समोरासमोर आल्या होत्या, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत अर्थपूर्ण दृश्य वाटते.

याच खुणांचा बाजारही झाला. माओरींमध्ये आप्तांची वा शत्रूंची मोको असलेली मस्तके जतन करण्याची चाल होती. युरोपीय व्यापाऱ्यांनी बंदुकांच्या बदल्यात ती विकत घेण्यास सुरुवात केली आणि ती युरोप-अमेरिकेच्या संग्रहालयांत काचेच्या कपाटांत जाऊन बसली. 1831 मध्ये न्यू साउथ वेल्सच्या गव्हर्नरने या व्यापारावर बंदी घातली, तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. न्यूझीलंडच्या ‘ते पापा’ या राष्ट्रीय संग्रहालयाने 2003 पासून हे अवशेष परत आणण्याची मोहीम चालवली आहे. फ्रान्सला तर त्यासाठी 2010 मध्ये वेगळा कायदा करावा लागला आणि रूआँ येथील संग्रहालयातले मस्तक 2011 मध्ये मायदेशी गेले. चेहऱ्यावरच्या खुणेला कलावस्तू मानले की चेहरा असलेल्या माणसाचे काय होते, याचा याहून बोलका दाखला शोधावा लागणार नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुरुषांची मोको मागे पडली. स्त्रियांनी ती अधिक काळ धरून ठेवली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मात्र हनुवटीवर मोको असलेल्या फक्त वृद्ध स्त्रियाच उरल्या. 1972 मध्ये मायकेल किंग या लेखकाने आणि मार्टी फ्रीडलँडर या छायाचित्रकार स्त्रीने त्यांतल्या अनेकींच्या घरी जाऊन, त्यांचे म्हणणे ऐकून, त्यांची छायाचित्रे घेऊन एक पुस्तक केले. वाटत होते की हा निरोपाचा ग्रंथ. घडले उलटेच. त्याच सुमारास माओरी तरुणांनी जमिनीच्या व भाषेच्या हक्कांसाठी चळवळ सुरू केली. 1982 मध्ये लहान मुलांसाठी माओरी भाषेच्या बालवाड्या निघाल्या, 1987 मध्ये माओरीला अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला आणि या लाटेबरोबर मोको परतली. 2016 मध्ये नानाया माहुता या संसद सदस्या मोको कौआए धारण करून सभागृहात आल्या, पुढे 2020 ते 2023 या काळात त्या देशाच्या परराष्ट्रमंत्री होत्या. दूरचित्रवाणीवर मुख्य वेळेच्या बातम्या देणाऱ्या ओरिनी काइपारा यांच्या हनुवटीवरची मोको 2021 मध्ये साऱ्या जगाने पाहिली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. मोको एकटी परत आली नाही. ती भाषेबरोबर, जमिनीच्या दाव्याबरोबर, कुळाच्या सभागृहांबरोबर परत आली. आणि ती परत येताच ‘ही कुणाची?’ हा वादही आला. नायकी या कंपनीने 2013 मध्ये सामोअन पेआची नक्षी स्त्रियांच्या व्यायामाच्या कपड्यांवर छापली. पुरुषांचे हे पवित्र गोंदण असे विकले जाताना पाहून लोक संतापले आणि कंपनीला माल मागे घ्यावा लागला. 2018 मध्ये युरोपीय वंशाच्या एका स्त्रीने हनुवटीवर मोको काढून घेतली तेव्हाही मोठा गदारोळ झाला. बाहेरच्या माणसाला ही शैली आवडली तर काय करायचे, याचे उत्तरही माओरी कारागिरांनी शोधले आहे. त्याच्यासाठी ते ‘किरीतुही’ काढतात. किरीतुही म्हणजे त्वचेवरचे चित्र. शैली तीच, पण तिच्यात कुणाच्या वंशाची नोंद नाही. चित्र सर्वांना खुले आहे, चरित्र नाही. आमच्या विद्यार्थ्याच्या दंडावर जे आहे त्याला फार तर किरीतुही म्हणता येईल, आणि त्यात गैर काही नाही. गैर आहे ते एवढेच की त्याला ते ‘कुणाचे तरी’ आहे हे कुणी सांगितले नाही.

*

आता आपल्याकडे वळू. आपले गोंदण कुणी बंद पाडले? माओरींच्या बाबतीत जमिनी गेल्या, युद्धे झाली, मिशनऱ्यांचा दबाव होता, 1907 मध्ये त्यांच्या पारंपरिक जाणकारांविरुद्ध कायदाही झाला. आपल्याकडे गोंदणाविरुद्ध कुणी कायदा केला नाही. उलट ब्रिटिश अमलात बंगाल आणि मद्रास इलाख्यांत कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदला जात असे, ती शिक्षा 1849 मध्ये रद्द झाली. आयाबहिणींच्या कपाळावरच्या सौभाग्याच्या ठिपक्यासाठी वापरायचे तेच तंत्र सरकारने अप्रतिष्ठेसाठी वापरावे, ही विटंबनाच होती. पण घरोघरच्या गोंदणाला त्या सरकारने हात लावला नव्हता.

मात्र ज्यांच्या हातात सुई होती त्यांचे जगणे कायद्याने निश्चित अवघड केले. गोंदणारणी बहुतेक भटक्या जमातींतल्या. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा कितीतरी जमातींवर संशयाचा कायमचा शिक्का मारला आणि तो 1952 मध्ये रद्द झाल्यावरही गावाच्या नजरेतला संशय गेला नाही. आमच्या भागातले कातकरीही या कायद्याखाली भरडले गेले होते. पुढे 1959 च्या भिक्षाप्रतिबंधक कायद्याने दारोदार फिरून धान्य मागणाऱ्यांना आणखी एका कलमात पकडले. त्यांच्या मुली शिकल्या, काही शहरात गेल्या, आणि गोंदणारीण वेशीवर येईनाशी झाली. तिला कलावंत म्हणून कुणी कधी ओळखलेच नव्हते. आमच्या पेणमध्ये गणपतीच्या मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या हाताला केवढा मान आहे! जिवंत, थरथरत्या त्वचेवर विंचवाची नांगी एका दमात काढणारा हातही त्याच तोलाचा होता. मूर्ती बाजारात जाते, तिला भाव येतो. गोंदण बाईबरोबर चुलीपाशी जाते.

बाकीचे काम आपण केले. ‘आपण’ म्हणजे शाळा शिकलेली पहिली पिढी. पूर्वी वरच्या जातींतल्या आज्यांच्याही कपाळावर वा हनुवटीवर एखादा ठिपका असे. तिथून तो सर्वांत आधी नाहीसा झाला आणि मग गोंदण ही ‘खालच्यांची’ खूण ठरली. पाठोपाठ शेतकरी घरांनी ते सोडले. आज आमच्याकडे ते प्रामुख्याने ठाकूर, कातकरी वाड्यांतल्या म्हाताऱ्या बायकांच्या अंगावर दिसते. त्याच वेळी शहरात ‘ट्रायबल’ या नावाखाली दंडावर पट्टे काढून देणारी दुकाने निघाली. आदिवासी हा शब्द इंग्रजीत गेला की त्याला भाव येतो, हा आपल्या काळाचा चमत्कार.

शासनाची भूमिकाही पाहण्यासारखी आहे. सैन्यभरतीच्या नियमांत कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूवर आणि तळहाताच्या मागच्या बाजूवर कायमचे गोंदण चालते, अन्यत्र चालत नाही. मात्र उमेदवार आदिवासी असून जमातीच्या रूढीप्रमाणे त्याच्या चेहऱ्यावर वा अंगावर गोंदण असेल तर सवलत मिळू शकते. नियम करणाऱ्याने रूढी आणि हौस यांत फरक केला, हे चांगलेच. पण परंपरेतले गोंदण आजच्या मुलाने नव्याने, आपल्या इच्छेने काढून घेतले तर ते रूढी की हौस? ज्याची परंपरा कागदावर कुठे लिहिलेली नाही, त्याने ती सिद्ध कशी करायची?

*

हे सगळे वाचून झाल्यावर मी बरीच भारावले होते. आपल्याकडेही पुनरुज्जीवन व्हायला हवे, गोंदणाची कार्यशाळा घ्यावी, महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात प्रदर्शन भरवावे, असे बेत मनात सुरू झाले. त्या विद्यार्थिनीबरोबर तिच्या आजीला भेटायला गेले ते या उत्साहात.

आजी ओटीवर नाचणी निवडत बसल्या होत्या. नातीने ओळख करून दिली. मी हात जोडले, त्यांनी हसून घोंगडीवर जागा केली. चहा झाल्यावर मी गोंदणाचा विषय काढला. त्यांनी हात पुढे केले. ठिपक्यांच्या रांगा, त्यांत अधूनमधून फुलीसारख्या खुणा. काळ्याचा आता हिरवट निळा झालेला रंग सुरकुत्यांत पसरला होता. ‘‘दागिना आहे बाई हा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चोर नेत नाही, सावकार गहाण ठेवून घेत नाही. मेल्यावर बाकीचं सगळं काढून घेतात. हे बरोबर येतं.’’ हे मी आईच्या तोंडूनही ऐकले होते. गोंदण हे गरिबाचे सोने, असे आपण म्हणतो ते किती शब्दशः खरे आहे हे तेव्हा उमगले. जिच्या नावावर जमिनीचा तुकडा नाही, घर नाही, भांडेसुद्धा नाही, तिच्या एकटीच्या मालकीचे एवढेच.

मग मी विचारले, ‘‘आजी, नातीला गोंदवाल का?’’

त्या चटकन म्हणाल्या, ‘‘छे! मी लई रडले होते. दोन दिवस हात सुजला होता. मला कुणी विचारलं होतं?’’

माझा कार्यशाळेचा बेत तिथेच विरघळला. ‘मला कुणी विचारलं होतं?’ या प्रश्नाला माझ्या वाचनात उत्तर नव्हते. आपले गोंदण बहुतांशी सात-आठ वर्षांच्या मुलींच्या अंगावर, त्यांना धरून ठेवून झालेले आहे. त्याशिवाय सासरी पाणी घेणार नाहीत, लग्न जमणार नाही, मेल्यावर गती नाही, ही भीती त्यामागे होती. नवऱ्याचे नाव बायकोच्या हातावर असे, बायकोचे नाव नवऱ्याच्या हातावर मी तरी पाहिलेले नाही. लोकसंस्कृतीच्या गौरवात ही बाजू आपण सोयीस्करपणे गाळतो. माओरी स्त्री आज मोको घेते ती प्रौढ वयात, विचार करून, आप्तांना सोबत घेऊन. तिच्या परंपरेने वर्तमानात येताना स्त्रीच्या संमतीला जागा करून दिली, म्हणून ती परंपरा जिवंत आहे. आपल्याकडे ती जागा न करताच नुसती नक्षी उचलली तर ते पुनरुज्जीवन होणार नाही, उचलेगिरी होईल.

याचा अर्थ जे गेले ते बरे झाले, असाही नाही. आजींनी नातीला गोंदवायला नकार दिला, पण स्वतःच्या हाताकडे त्या ज्या मायेने पाहत होत्या तीही तितकीच खरी होती. बळजबरीने मिळालेली वस्तू माणूस साठ-सत्तर वर्षे वागवतो तेव्हा ती त्याची होते, तिच्यात त्याचा अर्थ उतरतो. ही गुंतागुंत समजून घेण्याऐवजी आपण दोन सोपे रस्ते शोधले आहेत. एक लेझरने पुसून टाकण्याचा, दुसरा चौकटीत बसवून भिंतीवर टांगण्याचा. दोन्ही रस्त्यांवर त्या बाईला मात्र काही विचारले जात नाही.

*

तर मग करायचे काय? माझ्यापुरते उत्तर लहान आहे. जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी अनेक वर्षे खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि त्या ओव्यांसोबत गाणारणीचे नाव व गाव जपले. जाती गेली, ओव्या राहिल्या, आणि त्या कुणाच्या हेही राहिले. गोंदणाच्या बाबतीत असे काम व्हायला हवे, आणि ते आमच्यासारख्या तालुक्याच्या गावांतल्या मराठी विभागांनी हाती घ्यायला हवे. कारण ही भाषेची गोष्ट आहे. प्रत्येक खुणेला नाव आहे, प्रत्येक नावामागे काही कथा आहे, आणि ती नावे उच्चारणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. नुसते फोटो पुरेसे नाहीत. बाई ‘नको’ म्हणाली तर फोटो नको. तिने सांगितले ते तिच्या नावाने, तिच्या शब्दांत लिहावे. ती म्हणाली की दुखले, तर तेही लिहावे. पुढे तिच्या पणतीला कधी वाटलेच की हनुवटीवर ते तीन ठिपके असावेत, तर निर्णय तिचा. तिला ठिपक्यांचा अर्थ शोधायला पनवेलच्या पार्लरमधल्या पुस्तकाची पाने उलटावी लागू नयेत, एवढी तजवीज आपण करू शकतो.

या वर्षी आमच्या वर्गाने ते सुरू केले आहे. आतापर्यंत अकरा जणींशी बोलणे झाले, त्यांतल्या चौघींनी फोटोला नकार दिला. दंडावर माओरी नक्षी असलेला तो मुलगा यात सर्वांत उत्साही आहे. परवा त्याने विचारले, ‘‘मॅडम, माझ्या पणजीच्या हातावर काय होतं ते घरात कुणालाच सांगता येत नाही. आता कसं कळणार?’’ त्याच्या प्रश्नातली हळहळ मला ओळखीची वाटली.

माझी आई सहा वर्षांपूर्वी गेली. अंत्यविधीच्या आधी रिवाजाप्रमाणे तिच्या अंगावरचे मणी, बांगड्या, नाकातली चमकी काढून घेतली. गोंदण राहिले, ते तिच्याबरोबर गेले. तिच्या उजव्या हाताचा एकही फोटो आमच्याकडे नाही. असणार कसा? नवव्या वर्षी मी हसले त्या दिवसापासून प्रत्येक फोटोत त्या हातावर पदर आहे.

तिला वाचता येत नव्हते, म्हणून ती चूक तिला मी सांगेपर्यंत ठाऊक नव्हती. मला वाचता येत होते, तरी हातावर नेमके काय लिहिले आहे ते मला कळले नव्हते. आईसाठी लिहिलेल्या ग्रंथामुळे जे गाव ओळखले जाते, त्या गावात आयांच्या अंगावर काय लिहिले आहे ते वाचायला आपण फार उशीर केला. अजून काही हात शिल्लक आहेत. त्यांच्यापुढे बसताना शुद्धलेखनाची वही घरी ठेवून जावे, एवढेच मला माझ्या विद्यार्थ्यांना आणि सहकाऱ्यांना सांगायचे आहे.